‘कर’ आणि ‘असू दे’ : लोकल संगणकावरचा वेब सर्व्हर आणि त्याची स्क्रिप्ट



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून दोघा-तिघांनी आयोजकांना फोन केला म्हणे, की नावापुढचा विषय चुकून दुसऱ्याच कुणाचा छापला गेलाय का. विषय आमचाच आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आज बोलणार आहोत ते स्वतःच्या संगणकावर वेब सर्व्हर बसवण्याबद्दल. त्यातही तो हाताने न बसवता स्क्रिप्टकडून बसवून घेण्याबद्दल. फळ्यावर आज्ञा लिहून दाखवणार नाही. त्या कुठेही मिळतात. त्या आज्ञा लिहिताना डोक्यात जो गोंधळ होतो, आणि तो कसा सुटतो, त्याबद्दल बोलू.

या वाटेला आम्ही का गेलो ते आधी सांगायला हवं. आम्ही सहा-सात निवृत्त मंडळी तत्त्वज्ञानातल्या मराठी संज्ञांचा एक कोश इंटरनेटवर चालवतो. कोश जगाला दिसतो तो भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर. पण तिथे थेट हात घालायचा नाही, असा आमचा नियम आहे. पानाची मांडणी बदलायची असो की शोध-सुविधा, आधी आपापल्या घरच्या संगणकावर करून पाहायची आणि नीट चालली तरच वर चढवायची. त्यासाठी प्रत्येकाच्या संगणकावर त्या सर्व्हरची एक छोटी प्रतिकृती लागते. प्रोग्रामर मंडळी तिला नुसतं ‘लोकल’ म्हणतात.

ही लोकल मांडणी आम्हा सगळ्यांना एकाच तरुण मित्राने करून दिली होती. यायचा, चहा घ्यायचा, अर्ध्या तासात सगळं बसवून जायचा. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला आणि नेमकी त्याच सुमारास आमच्यातल्या एका बाईंच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. नवा लॅपटॉप आला, पण कोश काही त्यावर उभा राहीना. फोनवर तो मुलगा म्हणाला, “मॅडम, मी तिथे काय करतो ते मला असं सांगता येणार नाही. मशीन समोर असलं की हात आपोआप जातो.” हे ऐकून आमच्यातले तत्त्वज्ञानवाले एकदम जागे झाले.

ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली आपल्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात दोन प्रकारचं जाणणं वेगळं काढलं होतं. एक, अमुक गोष्ट अशी आहे हे जाणणं. दुसरं, अमुक गोष्ट कशी करायची हे जाणणं. सायकलचा तोल कसा राहतो याचं भौतिकशास्त्र ठाऊक असलेला माणूस सायकलवरून पडू शकतो, आणि ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही तो हात सोडून चालवतो. आमच्या मित्राचं ज्ञान दुसऱ्या जातीचं होतं. ते त्याच्या बोटांत होतं. बोटं परदेशी गेली, ज्ञानही गेलं. स्क्रिप्ट लिहिणं म्हणजे बोटांतलं हे ज्ञान वाक्यांत उतरवणं. वेळ वाचतो वगैरे फायदे आहेतच, पण ते दुय्यम. अर्ध्या तासाचं काम स्क्रिप्टमध्ये नीट बसवायला आम्हाला तीन आठवडे लागले, तेव्हा वेळेचा हिशेब न काढलेला बरा.

आता नवख्यांसाठी थोडक्यात. वेब सर्व्हर हा एक प्रोग्राम आहे. तो दाराशी कान लावून बसतो. या दारांना पोर्ट म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात. साध्या वेबपानांसाठी ८० क्रमांकाचं दार. ब्राउझर दार वाजवतो, ‘अमुक पान द्या’ म्हणतो, सर्व्हर ते देतो. लोकल मांडणीत वाजवणारा आणि उघडणारा दोघे एकाच संगणकावर असतात, म्हणजे घरातल्या घरात कडी वाजवण्याचा प्रकार. त्यासाठी संगणकाचा स्वतःपुरता पत्ता असतो, १२७.०.०.१.

आम्ही उबुंटू लिनक्स वापरतो आणि त्यावर अपाचे हा सर्व्हर. अपाचे १९९५ पासून आहे. नंतर एनजिनएक्स वगैरे आले, पण आमचा मूळ सर्व्हर अपाचेवर आहे, म्हणून लोकलही अपाचेवर. मांडणीची पावलं साधारण अशी : अपाचे बसवायचा, पीएचपी आणि मारियाडीबी हा डेटाबेस बसवायचा, कोशाच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवायच्या, ‘या नावाने कुणी आलं तर या फोल्डरमधलं पान दे’ असं सांगणारी एक फाइल अपाचेसाठी लिहायची, ती चालू करायची, ते नाव म्हणजे आपलाच संगणक असं होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये नोंदवायचं, रिकामा डेटाबेस तयार करून त्यात नोंदी भरायच्या, आणि शेवटी अपाचेला सगळं पुन्हा वाचायला लावायचं.

एवढं तर कुठल्याही पुस्तकात असतं. मग त्या बाईंचा लॅपटॉप अडला कुठे? सगळी पावलं बरोबर पडली होती, तरी ब्राउझर ४०३ हा आकडा दाखवत होता. म्हणजे पान आहे, पण तुम्हाला बघायची परवानगी नाही. कारण असं होतं, की कोशाच्या फाइली बाईंच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये होत्या. उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांत एका वापरकर्त्याच्या घरात दुसरा वापरकर्ता डोकावू शकत असे. २०२१ साली आलेल्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचं घर इतरांना बंद असतं. आणि अपाचे तुमच्या नावाने चालत नाही, तो एका वेगळ्या, जवळजवळ बिनअधिकाराच्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. त्याच्या दृष्टीने तुमचं घर परक्याचं. त्यामुळे तो उंबऱ्यावरच थांबला. आमचा मित्र हे पाऊल दर वेळी करत होता. विचारल्यावर मात्र त्याला ते आठवलं नाही. कारण ते त्याला ‘पाऊल’ वाटतच नव्हतं.

म्हणून आम्ही ठरवलं, की प्रत्येक आज्ञा लिहून काढायची. स्क्रिप्ट म्हणजे तरी काय? एरवी एकेक करून टंकल्या असत्या त्या आज्ञा एका फाइलमध्ये ओळीने लिहिलेल्या. ती फाइल बॅश या प्रोग्रामला दिली की तो वरपासून खालपर्यंत त्या पाळत जातो. युनिक्सच्या जगात ही रीत पन्नासहून अधिक वर्षं जुनी आहे आणि बॅश स्वतः १९८९चा. यात नवं काही नाही.

पहिली स्क्रिप्ट लिहून झाली. कोऱ्या संगणकावर चालली. आनंदीआनंद. मग एका सदस्याने ती चालवली आणि मध्येच त्यांच्याकडची वीज गेली. वीज आल्यावर त्यांनी, साहजिकच, ती पुन्हा चालवली. आता अपाचे सुरूच होईना. आजच्या सगळ्या बोलण्याचं मूळ या ठिकाणी आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आमच्या काही संगणकांवर ८० क्रमांकाचं दार दुसऱ्या प्रोग्रामने अडवलेलं होतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये एक ओळ अशी होती, की अपाचेच्या दारांच्या यादीत शेवटी ‘लिसन ८०८०’ हे शब्द जोड. पहिल्या वेळी ते जोडले गेले. दुसऱ्या वेळी पुन्हा जोडले गेले. आता यादीत तीच ओळ दोनदा. अपाचेने पहिली ओळ वाचून ८०८०चं दार धरलं, दुसरी ओळ वाचून पुन्हा तेच दार धरायला गेला, आणि ‘हा पत्ता आधीच वापरात आहे’ म्हणून बंद पडला. ज्याने दार अडवलं होतं तो तो स्वतःच.

आज्ञा चूक होती का? नाही. ती अक्षरशः पाळली गेली. आमचा हेतू मात्र ‘ओळ जोड’ असा नव्हताच. आमचा हेतू होता, ‘ती ओळ तिथे असू दे’. ही दोन वाक्यं बोलताना जवळची वाटतात, पण त्यांची जात वेगळी. एक कृतीबद्दल बोलतं, दुसरं स्थितीबद्दल.

स्वयंपाकघरात पाहा. सून बाहेर जाताना म्हणाली, “आमटीत मीठ घाला.” सासऱ्यांनी घातलं. तोच निरोप नातवाकडेही होता, त्यानेही घातलं. दोघेही आज्ञाधारक, आणि आमटी कुणाच्या घशाखाली उतरेना. तीच म्हणाली असती, “आमटीचं मीठ बघा, बेताचं असू दे,” तर घरातल्या दहा माणसांनी तो निरोप पाळला असता तरी बिघडलं नसतं. दुसऱ्या वाक्यात चव घेऊन पाहणं आलं, पहिल्यात नाही. लिफ्टचं बटणही दुसऱ्या जातीचं. आपल्याकडे लोक ते पाच-सहा वेळा दाबतात, तरी लिफ्ट एकदाच येते.

ज्या क्रियेची आवृत्ती केली तरी फळ बदलत नाही, तिला इंग्रजीत आयडेम्पोटंट म्हणतात. हा शब्द अमेरिकन गणिती बेंजामिन पर्स यांनी १८७० साली बीजगणितासाठी घडवला. एखाद्या संख्येला कितीही वेळा १ने गुणा, ती तीच राहते, या वळणाचा विचार. संगणकवाल्यांनी तो तिथून उचलला. मराठी प्रतिशब्दावरून आमच्या कोशमंडळात दोन बैठका झाल्या. कुणी ‘पुनरुक्तिसह’ सुचवला. त्यावर हरकत आली की पुनरुक्ती बोलण्याची असते, कृतीची असते ती आवृत्ती. मग ‘अग्निसह’ म्हणजे जे आग सोसतं, तसं जे आवृत्ती सोसतं ते ‘आवृत्तिसह’, यावर तूर्त थांबलो आहोत. यापेक्षा सुटसुटीत शब्द सुचला तर जरूर कळवा.

तर स्क्रिप्टची प्रत्येक ओळ आवृत्तिसह करायची. कशी? इथे आम्हाला मीमांसकांची आठवण झाली, आणि आम्ही ती ओढूनताणून आणलेली नाही हे पुढे दिसेल. मीमांसाशास्त्र हे मुळात ‘हे करावे’ अशा वाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचं शास्त्र आहे. स्क्रिप्टमध्ये तरी दुसरं काय असतं? धर्मशास्त्रात कर्मांची एक विभागणी आहे. संध्येसारखी नित्य कर्मं रोजची. आणि ग्रहणस्नानासारखी नैमित्तिक कर्मं निमित्त घडलं तरच. ग्रहण नाही, तर ते स्नान नाही. आपल्या स्क्रिप्टमधली बहुतेक कर्मं आपण नित्य म्हणून लिहून बसतो, आणि असायला हवीत ती नैमित्तिक. ओळ नसणं हे निमित्त. ते असेल तरच ओळ जोडणं हे कर्म. म्हणजे आधी फाइलमध्ये शोध, सापडली तर पुढे जा, न सापडली तर जोड.

डेटाबेसच्या भाषेत हे निमित्त वाक्यातच घालायची सोय आहे. ‘क्रिएट डेटाबेस’ म्हटलं आणि त्या नावाचा डेटाबेस आधीच असला तर ती भाषा तक्रार करते. ‘क्रिएट डेटाबेस इफ नॉट एक्झिस्ट्स’ म्हटलं की गप्प पुढे जाते. फोल्डर तयार करण्याच्या आज्ञेला एका अक्षराची पुस्ती जोडली की तीही आधी असलेल्या फोल्डरबद्दल कुरकुरत नाही. उबुंटूवर अपाचेची साइट चालू करण्याची आज्ञा तर मुळातच समजूतदार आहे. दुसऱ्यांदा दिली तर ‘आधीच चालू आहे’ एवढंच सांगते.

याहून सोपी एक युक्ती आहे, आणि आमचं मत विचाराल तर शक्य तिथे हीच वापरावी. दुसऱ्याच्या फाइलमध्ये आपली ओळ घुसडण्याऐवजी आपली स्वतंत्र फाइल ठेवायची आणि दर वेळी ती पूर्ण नव्याने लिहायची. आधी तिथे काय होतं हा प्रश्नच उरत नाही. उबुंटूच्या अपाचेत याची उत्तम व्यवस्था आहे. एका फोल्डरमध्ये उपलब्ध साइटच्या फाइली असतात, दुसऱ्यात त्यांतल्या चालू असलेल्यांचे फक्त दुवे. आपली फाइल पहिल्यात टाकायची, दुवा दुसऱ्यात. ‘लिसन ८०८०’ आता आमच्या अशाच एका स्वतंत्र फाइलमध्ये आहे. स्क्रिप्ट पन्नास वेळा चालवा, ओळ एकच.

आता क्रमाविषयी. आमच्या मित्राने आठवून आठवून जे टिपण पाठवलं होतं, त्यात ‘साइट चालू करणे’ हे वर होतं आणि ‘साइटची फाइल तयार करणे’ खाली. माणूस आठवतो तो महत्त्वाच्या क्रमाने, घडण्याच्या क्रमाने नव्हे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा पाचवा अध्याय क्रम या विषयालाच वाहिलेला आहे, आणि क्रम ठरवण्याची सहा प्रमाणं मीमांसक मानतात. त्यातलं एक पाठक्रम, म्हणजे ज्या क्रमाने वाक्यं आली तो क्रम. आणि दुसरं अर्थक्रम, म्हणजे प्रयोजनाने ठरणारा क्रम. त्यांचं ठरलेलं उदाहरण असं, की श्रुतीत आधी अग्निहोत्राचा होम सांगितला आणि मग यवागू, म्हणजे पेज, शिजवायला सांगितली. होम करायचा तो पेजेचाच. मग आधी काय? अर्थातच शिजवणं. इथे पाठक्रमापेक्षा अर्थक्रम बलवान ठरतो.

माणूस हे वाचतानाच समजून घेतो. बॅशपाशी मात्र फक्त पाठक्रम आहे. तो आधी न शिजवलेल्या पेजेचा होम करायला जाईल. त्यामुळे अर्थक्रम लावण्याचं काम स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आधीच उरकायला हवं. आमच्याकडे एका बाईंनी सगळी पावलं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिली आणि प्रत्येक चिठ्ठीला विचारलं, ‘तुझ्याआधी काय असायलाच हवं?’ जेवणाच्या टेबलावर दोन तास हा खेळ चालला. त्या दुपारी संगणक उघडलाच नाही, आणि सर्वांत जास्त काम त्या दुपारी झालं.

बॅशचा आणखी एक स्वभाव नवख्यांना ठाऊक नसतो. एखादी आज्ञा फसली तरी तो थांबत नाही, पुढच्या ओळीला लागतो. ‘त्या खोलीत जा, तिथला सगळा कचरा टाकून दे’ असं सांगितलंत, आणि खोलीला कुलूप असलं, तर तो आहे तिथलं सगळं टाकून देईल. ही अतिशयोक्ती नाही. २०१५च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीम या खेळांच्या प्रोग्रामबाबत असंच उघडकीला आलं. त्याच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये आपलं फोल्डर शोधून त्यातलं सगळं पुसण्याची एक ओळ होती. कुणी ते फोल्डर हलवलेलं असलं की शोध फसायचा आणि फोल्डरच्या नावाच्या जागी रिकामी जागा यायची. ‘या फोल्डरमधलं सगळं पूस’ याचा अर्थ मग ‘संगणकाच्या मुळापासून सगळं पूस’ असा व्हायचा. लोकांच्या खाजगी फाइली गेल्या. गंमत म्हणजे त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने स्वतःच ‘हे भीतीदायक आहे’ अशा अर्थाची टीप ठेवली होती. भीती वाटली, पण पहारा बसवला नाही.

पहारा अगदी सोपा असतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सांगता येतं, की पहिल्या अपयशाला थांब. त्या प्रसंगी ही एक ओळ असती तर शोध फसल्याबरोबर सगळं थांबलं असतं. दुसरी सूचना अशी देता येते, की ज्या नावाला काही अर्थच दिलेला नाही ते नाव आलं तर चूक समज. पण इथे सावध राहा. नावच न देणं वेगळं आणि नाव देऊन त्याखाली काहीच न ठेवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचा रितेपणा ही सूचना पकडत नाही, तो स्वतंत्रपणे तपासावा लागतो. अभाव हा एक नसून त्याचे प्रकार आहेत, असं नैयायिक सांगतात तेव्हा वर्गात मुलं जांभया देतात. त्यांना हे उदाहरण द्यायला हवं होतं.

अभावावरून आठवलं. स्क्रिप्टची एक मोठी मर्यादा आहे, आणि ती बऱ्याच अनुभवी लोकांच्याही लक्षात येत नाही. समजा, गेल्या वर्षी आमच्या स्क्रिप्टमध्ये अपाचेचं एक जादा मॉड्यूल चालू करण्याची ओळ होती. आता ते नको, म्हणून आम्ही ती ओळ खोडली. नव्या संगणकांवर ते मॉड्यूल येणार नाही, हे खरं. पण ज्यांच्याकडे ते आधीच चालू आहे, त्यांच्याकडे स्क्रिप्ट हजारदा चालवली तरी ते चालूच राहील. ओळ खोडणं म्हणजे मौन, आणि मौन म्हणजे निषेध नव्हे. मीमांसक विधी आणि निषेध ही दोन वेगळी वाक्यं मानतात ती उगीच नाही. एखादी गोष्ट नको असेल तर ‘ती नसू दे’ असं लिहावंच लागतं. त्यामुळे आमच्या स्क्रिप्टच्या शेवटी आता ‘नसू दे’चा एक भाग आहे, आणि तो दर वर्षी थोडा वाढतो. घर जुनं होत जातं तसं काय ठेवायचं यापेक्षा काय काढायचं हेच जास्त बोलावं लागतं.

आता कारणांबद्दल. होस्ट्स फाइलमध्ये आमच्या लोकल कोशाचं नाव ‘.टेस्ट’ या शेपटाने संपतं. एका नव्या सदस्याला ते रुचलं नाही, ‘.डेव्ह’ जास्त शोभतं, बदलू या का, असं त्याने विचारलं. पूर्वी पुष्कळ प्रोग्रामर लोकलसाठी ‘.डेव्ह’च वापरत. पण ते शेपूट इंटरनेटवर खरोखरच गूगलच्या मालकीचं झालं, आणि २०१७च्या डिसेंबरात क्रोमच्या ६३व्या आवृत्तीपासून त्या शेपटाच्या प्रत्येक नावाला सुरक्षित जोडणीची सक्ती झाली. रातोरात अनेकांच्या लोकल साइट उघडेनाशा झाल्या. याउलट ‘.टेस्ट’ हे शेपूट १९९९ सालीच इंटरनेटच्या नियमपत्रांत चाचणीसाठी राखून ठेवलेलं आहे; ते कुणालाही विकलं जाणार नाही. स्क्रिप्टमध्ये नुसतं नाव होतं, कारण नव्हतं. त्या सदस्याने विचारलं म्हणून बरं.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनाविरुद्ध तक्रार करतो. एक, लिहून ठेवायची सोय झाली की माणसं आठवणं सोडून देतील. दोन, लिखाणाला प्रश्न विचारला तर ते गप्प बसतं. दोन्ही तक्रारी स्क्रिप्टला चपखल लागू पडतात. स्क्रिप्ट चालवून कोश उभा करणाऱ्या आमच्या निम्म्या सदस्यांना पोर्ट म्हणजे काय हे आता माहीत नाही. पहिल्या तक्रारीवर आमच्याकडे औषध नाही. दुसरीवर थोडंसं आहे : प्रत्येक विचित्र ओळीच्या वर, ती तशी का आहे हे मराठीत लिहायचं. काय करते ते लिहू नका, ते ओळ स्वतःच सांगते. का, ते लिहा. घराच्या परवानगीच्या ओळीवर आम्ही तीन ओळींचं स्पष्टीकरण ठेवलं आहे. स्क्रिप्ट मुळात साठ ओळींची होती, आता दीडशे झाली. वाढ बहुतेक या मराठीचीच.

एक गोष्ट घाईघाईने पण ठामपणे. यातल्या बऱ्याच ओळींना सुडो लागतं, म्हणजे संगणकाच्या मालकाचे पूर्ण अधिकार. त्यामुळे इंटरनेटवर सापडलेली कुणाची तरी स्क्रिप्ट न वाचता थेट त्या अधिकारानिशी चालवणं, हे अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देण्यासारखं आहे. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानतं, पण ते आप्ताच्या शब्दाला. आप्त म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि जो तसंच सांगतो. ही पात्रता तपासल्याशिवाय कुणाच्याही स्क्रिप्टला सुडो देऊ नका. आणि स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहू नका, ती फाइल फिरणार आहे.

हे सगळं करून देणारी तयार साधनं आहेतच. सैद्धांतिक भौतिकशास्त्रातून आलेल्या मार्क बर्जेस यांनी १९९३ साली ऑस्लोत सीएफइंजिन लिहिलं, आणि यंत्र कुठल्याही अवस्थेत असलं तरी त्याला हव्या त्या स्थितीकडे नेत राहायचं हा विचार तिथे पक्का झाला. २००५ साली पपेट आलं, २०१२ साली ॲन्सिबल. ॲन्सिबलमध्ये तर ‘असावं’ आणि ‘नसावं’ हे शब्दच वापरायचे असतात, म्हणजे आम्ही जे धडपडत शिकलो ते त्याच्या व्याकरणातच आहे. २०१३च्या डॉकरचा मार्ग आणखी निराळा : जुनं सुधारत बसायचं नाही, ते टाकून दर वेळी नवं बांधायचं. पंचवीस संगणक असतील तर यांच्याकडे जरूर जा. सात म्हाताऱ्यांच्या सात लॅपटॉपसाठी बॅश पुरतो, आणि तो वाचताना काय चाललंय ते दिसतं.

राहता राहिली परीक्षा. स्क्रिप्ट तुमच्या नेहमीच्या संगणकावर चालली याला काही अर्थ नाही. तिथे जुन्या शंभर गोष्टी आधीच असतात, आणि त्यांतली कुठली तिच्या मदतीला आली ते कळत नाही. संगणकातच एक आभासी संगणक उभा करा, त्यात कोरं उबुंटू घाला आणि तिथे चालवा. जे बोटांत राहून गेलं असेल ते इथे उघडं पडतं. मग काहीही न बदलता ती दुसऱ्यांदा चालवा, आणि जिथे ‘कर’ म्हटलं होतं आणि ‘असू दे’ म्हणायला हवं होतं ती जागा सापडेल. मग तिसऱ्यांदा, मध्येच तोडून. हा तिसरा प्रयोग आम्ही वीज मंडळाच्या कृपेने शिकलो.

आता प्रश्न घेऊ. चिठ्ठ्या आल्या आहेत, दोनच घेतो.

पहिली चिठ्ठी : ‘हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं तर ती अशी स्क्रिप्ट एका मिनिटात लिहून देते. मग एवढा खटाटोप कशाला?’ देते, आम्हीही मागून पाहिली. तिने दिलेली स्क्रिप्ट आधी वाचा, आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीला विचारा की तू दोनदा आलीस तर काय होईल. हे विचारता येत असेल तर खुशाल तिच्याकडून लिहून घ्या. विचारता येत नसेल तर ती स्क्रिप्ट तुम्हाला परदेशी गेलेल्या त्या मुलासारखीच. आहे तोवर आहे.

दुसरी चिठ्ठी : ‘स्क्रिप्ट असली की बॅकअपची गरज उरते का?’ उरते, नक्की उरते. स्क्रिप्ट सर्व्हर उभा करते, रिकामा डेटाबेस करते. कोशातल्या नोंदी, त्यांवर आमची झालेली भांडणं, दुरुस्त्या, हे तिला ठाऊक नाही आणि ते तिला कुठूनही निर्माण करता येणार नाही. त्या बाईंच्या हार्ड डिस्कबरोबर सर्व्हरची मांडणी गेली, ती परत आली. वर चढवायच्या राहिलेल्या चाळीसेक नोंदीही गेल्या; त्यांतल्या काही त्यांनी पुन्हा लिहिल्या, काहींचे कागद सापडले. तेव्हापासून दर रविवारी रात्री प्रत्येकाच्या नोंदी दोन वेगळ्या ठिकाणी उतरवल्या जातात. त्याचीही स्क्रिप्ट आहे, अकरा ओळींची. हवी असेल तर आयोजकांकडे ठेवली आहे, वाचून मगच चालवा.